कर्ता कोण

यशोधरा होवाळनं सातवीच्या वहीत लिहिलंय :
मी शाळेतून आलो, दप्तर टाकलं
आणि बेदाण्याच्या शेडवर गेलो.
'आलो'ला मी लाल गोल केला, 'गेलो'ला दुसरा.
समासात लिहिलं, लिंग तपासा.
मग ते बरं दिसेना, खोडलं,
लिहिलं : कर्ता कोण?

वहीला गंधकाचा वास आहे.
फेब्रुवारीत सावळजच्या निम्म्या वह्यांना येतो,
निम्म्या वह्या तर येतच नाहीत.

फळ्यावर मांडलं :
मुलगा म्हणतो, मी आलो.
मुलगी म्हणते, मी आले.
पत्रा तापलेला, दुपारचे तीन,
खिडकीतल्या बाकावरून ती उठली.
'मग बाई, आमची आय चुकती काय?
आय म्हंती आलो. आज्जी म्हंती आलो.
शेडवरच्या समद्या बाया
टेम्पोतनं उतरताना म्हंत्यात, आलो बघा.'

वर्ग हसला.
अरमान मुलाणी हसला नाही,
तो अजून फळ्यावरच होता,
हवेत बोट धरून एकेक अक्षर ओढत,
आ... ले... आले.
'बाई, च्यातलं आलं का?'
त्यानं तीन शब्द न अडखळता वाचले होते,
म्हणून आधी त्याला शाबास म्हटलं.
तेवढाच मला वेळ मिळाला.

चुकत नाही, म्हणाले.
पेपरात मात्र 'आले' लिही.
ती बसली. पटलं नव्हतं,
पेनचं टोपण चावत होती.

तिला काय सांगू,
पुण्यात डी.एड.च्या पहिल्याच दिवशी
'मी बुधगावहून आलो' म्हणाले
आणि अख्खी रांग मागं वळून बघायला लागली.
त्या रात्री मोरीतला नळ मोठा सोडून
मी घोकत होते :
आले, गेले, जेवले, झोपले, उठले.
बादली भरून वाहिली.
रेक्टरबाई पाण्यावरून बोलल्या, भाषेवरून नाही.

पुढच्या सोमवारी प्रयोग घेतले.
उदाहरण त्यांच्यातलंच द्यावं म्हणून लिहिलं,
आईने बेदाणा निवडला.
ती आता लिंगावर टपूनच बसलेली.
'निवडला कसं? आय तर बाई हाय.'
सांगितलं, इथं क्रियापद आईकडे बघत नाही,
बेदाण्याकडे बघतं.
ती म्हणाली, 'मुकादमागत.'
मी खडू ठेवला.
कर्मणी प्रयोगाची व्याख्या
मी बावीस वर्षं सांगते आहे,
पुस्तकातली, शब्दाला शब्द.

परवा विरामचिन्हं झाली.
स्वल्पविराम कुठं, पूर्णविराम कुठं,
आणि अवतरणचिन्हात माणूस बोलतो तसंच लिहायचं,
त्यात आपण हात घालायचा नाही.
असं मी म्हणाले खरी,
एवढ्या जोरात म्हणायची गरज नव्हती.

आज निबंध आलेत. विषय : माझी संध्याकाळ.
अरमानच्या साडेचार ओळी.
सगळ्या वेलांट्या ऱ्हस्व, सगळे उकार दीर्घ,
पण वाक्य सुरू होतं आणि संपतं,
गेल्या जूनमध्ये संपत नव्हतं.
यशोधराचं पान भरून.
मी शाळेतून आले. मी भांडी घासली.
मी लाईट जायच्या आत अभ्यासाला बसले.
सगळं शुद्ध, इतकं की मला
तिचा आवाजच ऐकू येईना.
खालून तिसऱ्या ओळीत सापडला :
अंधार पडल्यावर दारात चपला वाजल्या
आणि आई म्हणाली, "आलो गं, चूल पेटीव

अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय.
पूर्णविराम नाही.
पुढं थेट नवा परिच्छेद, भाकरीचा.
नियमानं अर्धा गुण जातो.
लाल पेन धरून बसले आहे मघापासून,
शिपाईमामा दोनदा कुलूप वाजवून गेले.

तासगावची एसटी वळणावर दिसली, वह्या पिशवीत कोंबल्या,
पळतच स्टँड गाठला.
खिडकीशी बसते न बसते तोच फोन.
'निघालीस का?'
'व्हय गं आई,' म्हणाले,
'निघालो.'